नालछ्याचा साहेब आणि आपल्या घरच्या आठवणी

धारहून मांडवगडास जाताना वाटेत नालछा हे गाव लागते. मांडवगडाच्या ओढीने निघालेला प्रवासी तेथे सहसा थांबत नाही. परंतु दोनशे वर्षांपूर्वी मांडूच्या सुलतानांच्या काळातील एका पडक्या महालाची डागडुजी करून एक इंग्रज सेनापती तेथे राहत असे. महाल राहण्याजोगा करण्यापूर्वी त्यातून एका वाघिणीला पिलांसह हुसकावून लावावे लागले, अशी आख्यायिका आहे. ह्या सेनापतीचे नाव सर जॉन माल्कम. धार आणि देवास ह्या दोन्ही संस्थानांच्या इतिहासात त्याचे नाव येते ते तहनाम्यांच्या निमित्ताने. तथापि ह्या लेखात त्याच्या तलवारीपेक्षा आणि तहांपेक्षा त्याच्या लेखणीचा विचार अधिक करावयाचा आहे.

माल्कमचा जन्म २ मे १७६९ रोजी स्कॉटलंडमधील एका कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरी झाला. भावंडे सतरा. कंपनीच्या नोकरीसाठी मुलाखत झाली तेव्हा तो जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. हैदरअली समोर आला तर काय करशील, ह्या प्रश्नावर त्याचे डोके उडवीन, असे त्याने बेधडक उत्तर दिले, अशी हकिकत त्याच्या चरित्रकाराने नोंदविली आहे. १७८३ साली तो मद्रासेस उतरला. पुढे तो फारसी शिकला आणि ह्या भाषेनेच त्याचे भाग्य उघडले.

त्या काळी इंग्रजांना हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीची मोठी धास्ती होती. काबूलचा जमानशाह आणि फ्रान्सचा नेपोलियन ह्यांच्या भयाने माल्कमला इराणच्या दरबारी धाडण्यात आले. १८०० पासून १८१० पर्यंत तो तीनदा तिकडे गेला. तिसऱ्या मोहिमेच्या वेळी त्याने पॉटिंजर आणि ख्रिस्ती ह्या दोन तरुण अधिकाऱ्यांना वेषांतर करून बलुचिस्तानच्या अज्ञात मुलखातून पाठविले आणि त्या ओसाड प्रदेशाची माहिती मिळविली. ह्या प्रवासांतूनच १८१५ साली त्याचा इराणचा दोन खंडांतील इतिहास प्रसिद्ध झाला आणि १८२७ साली, लेखकाच्या नावावाचून, इराणची प्रवासचित्रे निघाली. इराणात बटाटा त्यानेच नेला असे सांगतात. तिकडे कित्येक वर्षे बटाट्याला 'माल्कमचा आलू' म्हणत.

हाच मनुष्य २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपुरास होळकरांच्या तोफांवर चालून आला. पुढच्याच वर्षी दुसरे बाजीराव पेशवे त्याच्याच स्वाधीन झाले आणि सालीना आठ लाखांचे वेतन घेऊन ब्रह्मावर्तास गेले. १२ डिसेंबर १८१८ रोजी देवासच्या दोन्ही पात्यांशी आणि १० जानेवारी १८१९ रोजी धारशी तह झाले. ह्या तहांनी पवारांची गादी टिकली, पण स्वातंत्र्य गेले. गौरवाच्या भरात हा हिशेब विसरता येणार नाही.

असे असूनही ह्या विजेत्याच्या अंगी एक दुर्मिळ गुण होता. तो माणसांना बोलते करीत असे. आपल्या घराचे चारी दरवाजे उघडे आहेत, असे तो अभिमानाने सांगे. दिवाण, पाटील, भिल्ल नाईक, जोशी, पिंढाऱ्यांच्या टोळ्यांतून परतलेले शिपाई, सर्वांना तो भेटे व प्रश्न विचारी. ह्या चौकशीतून माळव्याविषयीचा त्याचा ग्रंथ सिद्ध झाला आणि १८२३ साली लंडनास प्रसिद्ध झाला. धारच्या मैनाबाई पवार ह्यांची कर्मकथा त्यात आहे. १८०७ साली पती आनंदराव निवर्तले, दौलत लुटारूंच्या तोंडी पडली, त्या बाईने मांडवगडाचा आसरा घेतला, मूल दगावले. तरीही बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन तिने गादी राखली.

त्याहून मोलाचे आहे ते अहिल्याबाईंचे चित्र. माल्कम माळव्यात आला तेव्हा त्यांच्या निधनास तेवीसच वर्षे झाली होती आणि त्यांच्या सेवेत वावरलेली माणसे हयात होती. पहाटे उठून पूजा, मग पुराणश्रवण, दानधर्म, दुपारनंतर उघडा दरबार, रात्री पुन्हा कामकाज, हा त्यांचा दिनक्रम त्याने ह्या माणसांकडून टिपून घेतला. स्तुतिपर ग्रंथ ऐकून घेऊन तो नर्मदेत टाकविणाऱ्या अहिल्याबाई आणि कन्या मुक्ताबाई सती गेल्यावर तीन दिवस अन्न न घेता शोकात बुडालेल्या अहिल्याबाई त्याच्या पानांतून आपल्यासमोर उभ्या राहतात. पुढील कित्येक चरित्रकारांनी ह्याच विहिरीचे पाणी भरले आहे.

अर्थात ते पाणी गाळून प्यावे हे उत्तम. इंग्रजांपूर्वी माळव्यात निव्वळ अंदाधुंदी होती, असे ठसविण्यात त्याचे राजकीय हित होते. आणि जी माणसे त्याच्याशी बोलली, त्यांपैकी बहुतेकांनी स्वतः मात्र काही लिहून ठेवले नाही.

आपल्यातील लेखणीचे उदाहरण नाही असे नव्हे. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी घर सोडून महूमार्गे उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' मराठी वाचकास परिचित आहेच. परंतु ते पुस्तकही चिंतामणराव वैद्य ह्यांनी आग्रहाने लिहविले म्हणून झाले आणि १९०७ साली छापले गेले. नालछ्याचा साहेब असो की वैद्य असोत, कोणीतरी विचारले म्हणून ते सांगितले गेले. एरवी त्या आठवणी माणसांबरोबरच सरणावर गेल्या असत्या.

मराठी माणूस माळव्यात आला त्यास आता जवळजवळ तीनशे वर्षे होत आली. आपले पूर्वज कोणत्या गावाहून आले, कोणाच्या पदरी राहिले, कोणत्या वाड्यात प्रथम चूल पेटली, हे आज घरातील एखाद्या आजीलाच ठाऊक असते. शाळेत मुले हिंदीतून शिकतात. मोडी वाचणारा गावात सापडणे कठीण झाले आहे, आणि माळ्यावरच्या पेटीतले मोडी कागद रद्दीत जाण्यास एका साफसफाईचाच अवकाश असतो.

ह्या दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना एवढेच काम सांगावे. एक वही घ्यावी, घरातील सर्वांत वडील माणसापुढे बसावे आणि विचारावे. ऐकलेले जसेच्या तसे, तारीखवार लिहावे. जुने मोडी कागद टाकून न देता जाणकारास दाखवावेत. सीतामऊची श्रीनटनागर शोध संस्थान ही माळव्याच्या इतिहासाचीच संस्था आहे, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात तर गोडसेभटजींचे हस्तलिखितही पोहोचले.

माल्कम पुढे १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर झाला. महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्याच नावाची. १८३३ साली तो लंडनास वारला. आपल्या मुलखात तो परका होता आणि सत्तेच्या कामासाठी आला होता. तरीही आपल्याच वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारण्याइतकी सवड त्याने काढली. तेवढी सवड आपल्यालाही काढता येईल.