प्रवेश कोणाला, परीक्षा कशाची?

रायगडच्या किनाऱ्यावर मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना एम.बी.ए.च्या प्रवेशाशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांना पडेल. कर्तव्य आहे, कारण त्या दारात अडणारी मुले आमच्याच वर्गांतून गेलेली असतात, आणि पुष्कळदा त्यांना अडवते ती भाषा.

आमची एक विद्यार्थिनी कोळीवाड्यातली. बी.कॉम. होईपर्यंत आईच्या मासळीच्या धंद्याचा हिशेब तिच्याकडे होता. लिलावात कुठल्या भावाला थांबायचे, बर्फ किती घ्यायचा, कोणाची उधारी थोपवायची, जूनच्या बंदीआधी सुकी मासळी किती राखायची, हे तीच ठरवी. भांडवल, साठा, जोखीम, गिऱ्हाईक: व्यवस्थापनशास्त्राचे कोणते प्रकरण यात नाही? प्रवेश परीक्षेत मात्र ती मागे पडली. "गणित येत होतं, सर. प्रश्नाला काय हवंय ते कळेपर्यंत वेळ गेला," एवढेच ती म्हणाली.

आता परीक्षेकडे पाहू. राज्याच्या एम.बी.ए. सामायिक प्रवेश परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी ५० थेट इंग्रजी भाषेवरचे. आकृत्यांवरचे २५ वगळले, तर तर्काचे ७५ आणि गणिताचे ५० प्रश्नही इंग्रजी वाचनाच्या वेगावर अवलंबून. म्हणजे २०० पैकी १७५ प्रश्नांत इंग्रजी मोजली जाते. नाव मात्र तर्कशक्तीचे आणि गणिताचे. 'कॅट'ची गोष्ट वेगळी नाही.

यावर ठरलेले उत्तर असे, की उद्योगजगताची भाषा इंग्रजी आहे. मान्य. मुंबई उच्च न्यायालयाची भाषाही इंग्रजीच आहे. तरी याच राज्याची कायद्याची प्रवेश परीक्षा मराठीतही देता येते. वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत चालते. तरी 'नीट' २०१७ पासून मराठीत आहे. अभियांत्रिकीची 'जेईई मेन' २०२१ पासून मराठीत आहे. न्याय, औषध आणि यंत्र यांचा विचार मराठीतून करता येतो, पण नफ्या-तोट्याचा करता येत नाही, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते?

दोष केवळ परीक्षा घेणाऱ्यांचा नाही. व्यवहाराची मराठी आम्हीच वर्गाबाहेर काढली. लोकहितवादींचे अर्थशास्त्रावरचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ सालचे. आमच्या वर्गांत लोकहितवादी भेटतात ते बहुधा 'शतपत्रां'पुरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. ज्या भाषेत लिलाव होतो, उधारी वसूल होते, त्या भाषेत त्यावरचा साधा प्रश्न विचारला जात नाही, याची खंत कोणत्या चर्चासत्रात व्यक्त झाली? गौरव भाषेचा करायचा आणि किंमत ती बोलणाऱ्या मुलीने मोजायची, असा हा व्यवहार आहे.

आमची मागणी मोठी नाही. इंग्रजीचे ५० प्रश्न खुशाल राहू द्यावेत; एम.बी.ए.ला इंग्रजी लागते हे त्या मुलीलाही ठाऊक आहे. उरलेली प्रश्नपत्रिका द्विभाषिक करावी. आणि त्या प्रश्नांची मराठी सरळ, निःसंदिग्ध व्हावी यासाठी मराठी विभागांनी ते काम स्वतःहून मागून घ्यावे. हे आम्हांला जमणार नसेल, तर भाषा दिनाची भाषणे आपण कोणासाठी करतो, हा प्रश्न त्या विद्यार्थिनीने विचारण्याआधी आपणच स्वतःला विचारलेला बरा.