गेमचा ‘आयडी’ घेताना पैसे बुडाले, जबाबदार कोण?

गेममधला ‘आयडी’ किंवा स्किन विकत घेताना फसवणूक झाली की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘कशाला पाठवले पैसे?’ शिरूर असो की दौंड, मुलगा गप्प बसतो. पैसे वाचण्याची शक्यता असलेले पहिले काही तास असेच निघून जातात.

फसवणूक कशी होते?
‘बीजीएमआयचा भारी आयडी स्वस्तात’ अशी जाहिरात टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवर येते. मुलगा वडिलांच्या फोनवरून यूपीआयने पैसे पाठवतो. मग विक्रेता त्याला ब्लॉक करतो. कधी आयडी देतोही; पण पुढे मूळ ईमेल वापरून तोच आयडी परत काढून घेतो.

बँक भरपाई देते का?
बहुतेकदा नाही. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होते. त्यात तिऱ्हाइताने पैसे काढले असतील आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नव्हता. पण पिन टाकून स्वतःच पैसे पाठवले असतील, तर हा आधार मिळणे अवघड.

कंपनी काय म्हणते?
बहुतेक गेमच्या अटींत आयडी विकायला मनाई असते. ‘नियम तुम्हीच मोडला’ म्हणून कंपनी मोकळी होते. हे अर्धसत्य आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार १८ वर्षांखालील मूल करार करू शकत नाही. मग त्याने ‘मान्य आहे’वर बोट टेकवले, एवढ्यावर कंपनीने हात झटकणे पटत नाही.

शिवाय आयडी कोणत्या फोनवरून कोणाकडे गेला, याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. व्यवहार उलटवणेही अशक्य नाही. ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये वस्तूंची अदलाबदल सात दिवसांत मागे फिरवण्याची सोय व्हॉल्व्ह कंपनीने २०२५ मध्ये दिली. इतरांनी निदान पोलिस तक्रारीचा क्रमांक मिळताच वादातला आयडी गोठवावा. दुर्मीळ स्किनची हाव लावून कमाई करणाऱ्याने एवढा भार उचललाच पाहिजे.

कायदा काय सांगतो?
मुख्य गुन्हेगार फसवणारा. त्याच्यावर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते. तोतयेगिरी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ डी लागते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ऑनलाइन गेमिंगचा २०२५ चा कायदा मुख्यतः पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो. आयडीच्या खरेदी-विक्रीतला हा प्रश्न त्याने सुटत नाही.

घरच्यांनी काय करावे?
– लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी ते रोखता येऊ शकतात.
– सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेलाही कळवा.
– चॅट पुसू नका. यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांकाचे स्क्रीनशॉट ठेवा.
– जवळच्या पोलिस ठाण्यात जा. हद्दीचे कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही.
– यूपीआयचा पिन मुलांना देऊ नका.

ज्याच्या हातात नुकसान थांबवणे होते, त्याने त्या प्रमाणात जबाबदारी घ्यावी, असे आमचे मत. कंपनीकडे नोंदी आहेत, बँकेकडे खाते गोठवण्याची सोय आहे आणि पालकांकडे पिन आहे. मुलाच्या हातात एकच गोष्ट उरते, लगेच येऊन सांगणे. मार बसणार नाही, याची खात्री असेल तरच तो सांगेल.