खोकला नाही म्हणून टीबी नाही?

२०२५ पर्यंत देशातून टीबी हटवू, असे सरकारने २०१८ मध्ये जाहीर केले होते. जगाने २०३० ची मुदत ठेवली, आपण पाच वर्षे आधीची. ते वर्ष सरले आणि टीबी आहे तिथेच आहे; जगातल्या दर चार रुग्णांमागे साधारण एक आजही भारतातला. डिसेंबर २०२४ मध्ये शंभर दिवसांची मोहीम निघाली, छातीचे फोटो काढणारी छोटी यंत्रे वस्त्यांत फिरली. चांगलेच झाले. पण या सगळ्याचे लक्ष छातीवर आहे, आणि टीबी पाठीतही होतो.

मणक्याच्या टीबीत बहुतेक वेळा खोकला नसतो. थुंकी तपासली तर काही सापडत नाही. फक्त पाठ दुखते, आणि पाठ कुणाची दुखत नाही? लूमवर उभा राहणाऱ्याची दुखते, दिवसभर शिलाई मशीनवर वाकणाऱ्या बाईची दुखते. बाळंतपणानंतरची असेल, मणक्यात गॅप असेल, असे म्हणत बेल्ट, मालिश, इंजेक्शन यांत महिने जातात. तोवर आत जंतू मणका पोखरत असतो. पुढे पाठीला कुबड येते, पाय लुळे पडू लागतात. हे वर्णन पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनने १७७९ मध्येच करून ठेवले आहे, म्हणजे आजार नवा नाही.

मग ओळखायचे कसे? आराम करूनही न थांबणारी, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी काही आठवडे टिकली आणि जोडीला बारीक ताप, वजन घटणे असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, 'मणक्यात इन्फेक्शन तर नाही?' साध्या एक्स-रेत सुरुवातीला काही दिसत नाही, एमआरआयमध्ये लवकर दिसते. पण एमआरआय पाहून थेट गोळ्या सुरू करणे ठीक नाही. मणक्यातला पू किंवा हाडाचा तुकडा सुईने काढून तपासायला हवा. सीबीनॅट ही तपासणी काही तासांत टीबीचा जंतू दाखवते आणि रिफाम्पिसिन त्याच्यावर चालेल की नाही, हेही सांगते. मणक्यात दुसरे जंतूही पू करतात, विशेषतः साखरेच्या किंवा डायलिसिसच्या रुग्णांत. त्यांचे उपचार निराळे, बहुधा सहा आठवड्यांची अँटिबायोटिक्स. म्हणून रुग्णाची हालत नाजूक नसेल तर आधी नमुना, मग औषध. अंदाजाने दिलेल्या काही अँटिबायोटिक्सने टीबीही थोडा दबतो आणि निदान आणखी लांबते.

फुप्फुसाच्या टीबीला साधारण सहा महिने गोळ्या, मणक्याच्या टीबीला किमान बारा. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पाय कमजोर होऊ लागले, लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. दोन-तीन महिन्यांत दुखणे कमी होते आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात. लघवी लाल-केशरी झाली म्हणून घाबरणारेही आहेत. तो रंग रिफाम्पिसिनचा. रमजानमध्ये डोस चुकवू नका. सहरीला घ्यायचा की कसे हे डॉक्टर ठरवतील, आणि आजाऱ्याला रोज्याची सवलत आहेच.

मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून घरात हा आजार लपवला जातो. फुप्फुसात टीबी नसेल तर मणक्याचा टीबी खोकल्यातून पसरत नाही, एवढे तरी सासरच्यांना कळायला हवे.

सरकारी नोंद झाली की गोळ्या मोफत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये. खाजगी डॉक्टरकडे उपचार असले तरी नोंद सक्तीची आहे, ती करून घ्या. अडते ते त्याआधी. गोळी फुकट, पण ती मिळवून देणारा एमआरआय आणि सुईची तपासणी मजुराच्या आवाक्याबाहेर. आमच्या वस्त्यांतले नगरसेवक, आमदार शिबिरांचे फलक लावतात. सरकारी रुग्णालयातल्या एमआरआयची तारीख किती दिवसांनी मिळते, हे त्यांनी एकदा रांगेत उभे राहून पाहावे.