मतपत्रिकेत दडलेली अट

निरक्षरांना मताधिकार देणे ही या देशाची चूक झाली, असे सुशिक्षितांच्या बैठकीत आजही ऐकू येते. अशी अट कायद्यात उघड लिहावी लागतेच असे नाही. मतपत्रिकेच्या छपाईतही ती दडवता येते. सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका ऑस्ट्रेलियात १८५६ साली आली, पुढे अमेरिकेने ती उचलली. तोवर अमेरिकेत पक्षच आपापल्या चिठ्ठ्या छापीत, पुष्कळदा रंगीत. निरक्षरालाही आपली चिठ्ठी ओळखता येई. टेनेसी राज्याने १८८९ साली नावे छापलेली सरकारी पत्रिका आणली. नावे वाचून खूण मतदाराने स्वतःच करायची! हिला निवडणूक-सुधारणा म्हटले गेले. गळाले ते मुख्यतः काळे मतदार, पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम असलेले आणि शाळेपासून हेतुतः दूर ठेवलेले. कायद्यात वर्णाचा उल्लेखही नव्हता.

भारतात १९५१ च्या जनगणनेत साक्षर होते जेमतेम अठरा टक्के. त्याच वर्षी सुरू झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. पत्रिकेवर खूणही करावयाची नव्हती. चिन्ह पाहून ती पेटीत टाकली की झाले. १९६० नंतर निराळ्या पेट्या गेल्या, शिक्का आला, पुढे यंत्र आले, चिन्ह राहिले. शिक्षणाची अट मागणाऱ्यांनी ती निदान टेनेसीचे नाव घेऊन मागावी.