ताप गेला, दुखणे का राहिले?

बालमित्रांनो, धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून आईची कंबर धरते, पण झोप झाली की मोकळी होते. चिकुनगुनियाचे वाकणे मात्र वेगळे! आजच्या टांझानियात १९५२-५३ साली या तापाची साथ आली. तिथल्या माकोंडे भाषेतून हे नाव आले. सांधेदुखीने माणूस वाकतो, म्हणून! आपल्या महाराष्ट्रात १९७३ साली बार्शीला, मग २००६ मध्ये अनेक जिल्ह्यांत ही साथ पसरली.

ताप आठवड्याभरात उतरतो. काहींचे सांधे मात्र महिनोन्‌महिने ठणकतात. असे का बरे? शास्त्रज्ञांना काही कारणे संभवतात. एक, विषाणूचे अंश सांध्यात रेंगाळत असावेत. दोन, शरीराचे पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, चोर पळाल्यावरही काठ्या आपटत राहतात. त्याने सूज येते. तीन, आधीचाच संधिवात पुन्हा डोके वर काढतो. कोविडनंतरही कित्येकांना असाच थकवा राहिला. संशोधन अजून चालू आहे.

तेव्हा आजी उठताना कण्हली तर 'ताप तर गेला ना!' असे म्हणू नका. खेळाच्या तासाला बसून राहिलेल्या मित्राला कामचुकार ठरवू नका. तपासणीत काही सापडले नाही, म्हणून दुखणे खोटे नसते.

पालकांनो, सूज हटत नसेल तर मनाने गोळ्या देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि मुलांनो, हा रोग पसरवणारा एडिस डास साठवलेल्या पाण्यात वाढतो. येत्या रविवारी घरचे रांजण, टाके घासून कोरडे करायचे. कराल ना?