गोळी डुकराला, विष रानाला कशाला?



रानडुकरांनी उसाच्या फडात ठाण मांडले आहे. दिवसा फडात, रात्री मक्यात आणि भुईमुगात. पीक राखण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे, ही आपली भूमिका जुनीच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ खाली उभ्या पिकाला धोका ठरलेले रानडुक्कर मारण्याची परवानगी देता येते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ही कलमे नुसती कागदावर राहू नयेत म्हणून आपण भांडत आलो, पुढेही भांडू.

आज बोलायचे आहे ते बंदुकीत भरायच्या गोळीबद्दल.

आपल्याकडे गोळी म्हणजे शिसे. जड, मऊ, स्वस्त, आणि ३२७ अंशांना वितळणारे, म्हणजे चुलीवरही ओतता येणारे. हाच मऊपणा घात करतो. वेगाने आलेली गोळी हाडावर आदळली की फुटते आणि डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून वीतभर लांबच्या मांसातही पसरतात. परवानगीने मारलेले जनावर कायद्याने सरकारच्या मालकीचे. पण जखमी होऊन ओढ्याच्या झाडोऱ्यात जाऊन मेलेल्या डुकराचा पंचनामा कोण करतो? ते कोल्हा, लांडगा, तरस, घार, गरुड खातात. पक्ष्याच्या जठरातल्या आम्लात शिसे विरघळते आणि रक्तात उतरते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात कंडोर नावाचे मोठे गिधाड आहे. १९८२ साली ते जेमतेम २२ उरले होते. शिशाची विषबाधा हे त्याच्या मरणाचे एक मोठे कारण ठरले. १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे बंद केले, २०२४ मध्ये गोळ्याही. दोन्हीकडे शिकार चालूच आहे, फक्त गोळी बदलली. रायफलीसाठी तांब्याची एकसंध गोळी निघाली. ती लागली की तिचे तोंड पाकळ्यांसारखे उमलते, पण तुकडे फारसे होत नाहीत.

तांबे काय कमी विषारी, असे कोणी विचारील. द्राक्ष-डाळिंबवाल्याला मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण ठाऊक आहे. तांबे अति झाले तर जमिनीला बाधते, पण थोडे तांबे पिकाला आणि जनावराला लागतेच. शिसे कोणत्याही जिवाला कणभरही लागत नाही. घरात शिसे ओतले तर त्याची बाधा सर्वांत आधी लेकरांना होते, त्यांच्या मेंदूला होते. हे कारण गरुडाइतकेच, किंबहुना जास्त, आपल्या घरचे आहे.

दुसरे कारण राजकारणाचे. १९७९ साली माळढोकसाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले ८,४९६ चौरस किलोमीटर अभयारण्य झाले. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळ्यातल्या शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. जमिनीचे व्यवहार अडकले, आणि माळढोक काही वाढला नाही. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. उद्या शिशाने गिधाड मेले म्हणून बंदुका जमा करा असा हुकूम निघायच्या आत हा प्रश्न आपणच मांडलेला बरा.

उपाय कसा करावा याचा दाखला घरचाच आहे. डायक्लोफिनॅकने गिधाडे मरत होती. २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झाले, पण मेलॉक्सिकॅम हाताशी होते, म्हणून गाई-म्हशींचा उपचार थांबला नाही. पर्याय नसता तर बंदी कागदावरच राहिली असती.

गोळीचा पर्याय शेतकऱ्याने आपल्या खर्चाने शोधायचा नाही. तांबे शिशाहून हलके आणि महाग. रायफलीची गोळी आपल्या बंदुकीला चालत नाही. बारा बोअरसाठी शिसे नसलेल्या एकसंध गोळ्या परदेशात निघतात, पण जुन्या नळीत कठीण धातू भरून बघणे म्हणजे जिवाशी खेळ. हे काम कारखान्याचे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे, २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे, आणि बारा बोअरची काडतुसे तिथलीच आपण वापरत आलो आहोत.

तेव्हा जिल्हा बैठकीत हे ठराव घ्यावेत, असे आम्ही सुचवतो :

१. आपल्या बंदुकीत सुरक्षित चालेल अशी शिसेविरहित गोळी खडकीत तयार व्हावी, आणि परवानाधारकाला ती शिशाच्याच भावात मिळावी. फरक सरकारने सोसावा.

२. गोळी तालुक्याला मिळेपर्यंत शिशावर बंदी नको, आणि या कारणाने एकही परवाना अडवू नये.

३. घरात शिसे ओतणे आपणच आजपासून बंद करावे. त्यासाठी कोणाच्या हुकमाची वाट बघायला नको.

रान आपले आहे. ते डुकरापासून राखायचे, तसेच विषापासूनही.