लघवीची नळी आज कशासाठी ठेवली आहे?

रुग्ण आयसीयूतून वॉर्डात येतो, उठून बसतो, दोन घास खाऊ लागतो. लघवीची नळी मात्र तशीच राहते. ती काढायची कधी, हे ठरवणं कुणाचंच काम नसतं. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत हे बदललं पाहिजे.

१. नळी घातल्यावर लघवीत जीवाणू शिरण्याचा धोका दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के असतो. महिनाभर नळी राहिली, तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात.

२. पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो, तसा ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास या जीवाणूंचा थर नळीला धरतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. साखरेच्या साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांच्या चिकट आवरणात तळाचे जीवाणू अर्धपोटी, सुस्त पडून राहतात. बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जीवाणूंनाच मारतात. हे वाढतच नाहीत. पेनिसिलिनमधूनही मूठभर जीवाणू असे तगून राहतात, हे जीवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे औषध थांबलं की ताप परत येतो.

३. लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये औषधापुढे ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे ‘लागू पडेल’, असं लिहिलेलं असतं, तरी गुण येत नाही. कारण प्रयोगशाळेतली चाचणी सुट्या जीवाणूंवर होते, थरातल्या नव्हे. मग औषध बदलतं, मेरोपेनेमसारखं राखीव अँटिबायोटिक येतं, शेवटचा उपाय म्हणून कोलिस्टिन. आणि थरात खेटून राहणारे जीवाणू औषधाला दाद न देणारी जनुकं एकमेकांना देत असतात. तेच जीवाणू हातांवरून शेजारच्या खाटेवर जातात. म्हणून हा एका रुग्णापुरता प्रश्न उरत नाही.

४. केसपेपरवर रोज एक ओळ हवी: नळी आज कशासाठी? लघवी अडली आहे, अत्यवस्थ रुग्णाची लघवी तासातासाला मोजायची आहे, ही कारणं खरी. कारण नसेल, तर ठरलेल्या निकषांनुसार नळी काढण्याचा अधिकार सिस्टरला द्या. पण रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असेल, तर ओल्या चादरी बदलण्यापेक्षा नळी राहू देणंच तिला भाग पडतं. तिला दोष देऊ नका, रिक्त पदं भरा.

५. ताप नाही, त्रास नाही, फक्त रिपोर्टमध्ये जीवाणू दिसले, म्हणून अँटिबायोटिक देऊ नये. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणारे रुग्ण यांना अपवाद. संसर्गाची लक्षणं असतील आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर आधी ती बदलावी, मग नमुना घ्यावा.

६. नातेवाइकांनीही डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी ‘नळी आज कशासाठी?’ असं न संकोचता विचारावं. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता ठेवावी. नळी मात्र स्वतः ओढू नये. आत फुगा असतो, जखम होते.

७. दर १००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी, म्हणजे एक नळी-दिवस) किती संसर्ग झाले, हा प्रत्येक वॉर्डाचा आकडा दरमहा पालिकेच्या आरोग्य समितीपुढे यावा आणि रुग्णालयाच्या दर्शनी फलकावरही लागावा.